पडद्यावर आधी कोणाचं नाव? खान्देशात पहिला चित्रपट करणाऱ्यांसाठी

लग्नपत्रिका छापायला जाण्याच्या आदली रात्र आठवून पाहा. ओट्यावर चार माणसं बसलेली, हातात मागच्या लग्नाची पत्रिका, आणि वाद एकच: निमंत्रकांत मोठे काका वर, की गावात राहून शेती सांभाळणारे मधले काका? मामांची नावं वेगळ्या चौकटीत घ्यायची का? चुलत घरातलं एखादं नाव सुटलं तर ते घर हळदीला येत नाही, आणि पुढची दहा वर्षं त्याचं कारण सांगत राहतं. नावांचा क्रम म्हणजे काय, हे खान्देशातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तरीही हीच माणसं चित्रपट करायला घेतात तेव्हा कलाकारांची यादी सगळ्यात शेवटी बनते. संकलनाच्या टेबलावर, रात्री दोन वाजता, डोळे मिटत असताना.

मी जळगाव-धुळ्याकडच्या अहिराणी लघुपटांचं आणि गाण्यांचं संकलन करतो. टायटल्स बसवण्याचं कामही माझ्याकडेच असतं. काही वर्षांपूर्वी एका लघुपटात नायकाच्या बापाची भूमिका एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी केली होती. सगळे त्यांना आबा म्हणायचे. मे महिन्याच्या उन्हात चार दिवस, एक रुपया न घेता त्यांनी काम केलं. पहिल्या खेळाला ते गावाहून सोळा माणसं घेऊन आले. त्यांचं नाव 'इतर कलाकार' या यादीत चौदाव्या ओळीत होतं, आणि त्यातही वेलांटी चुकलेली. त्यांच्या मांडीवरच्या नातवानं विचारलं, "आबा, तुमनं नाव कोठे शे?" आबा काही बोलले नाहीत. चूक माझी होती. चित्रीकरणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून नावं जशी सापडली तशी मी उतरवून घेतली होती.

आपल्याकडच्या बहुतेक कलाकारांना पैसे मिळत नाहीत, मिळाले तरी पेट्रोलपुरते. पडद्यावरचं नाव हाच त्यांचा मोबदला. म्हणून मानधनाचा हिशेब जितक्या काटेकोरपणे करतो तितक्याच काटेकोरपणे नावांचा क्रम ठरवायला हवा, आणि तो चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाआधी ठरायला हवा. पुढचं सगळं त्यासाठी.

पहिली पायरी: नाव कुठे कुठे येणार ते लिहून काढा

नवीन माणसाला वाटतं की नाव एकाच ठिकाणी येतं. प्रत्यक्षात ते पाच-सहा ठिकाणी येतं: चित्रपटाच्या सुरुवातीच्या टायटल्समध्ये, शेवटी वर सरकत जाणाऱ्या यादीत, पोस्टरवर, ट्रेलरमध्ये, वर्तमानपत्राला दिलेल्या बातमीत, आणि यूट्यूबवर टाकणार असाल तर व्हिडिओखालच्या माहितीत. एका ठिकाणचा क्रम दुसऱ्या ठिकाणी आपोआप लागू होत नाही. "तुमचं नाव दुसऱ्या नंबरवर राहील," असं तोंडी सांगून टाकता आणि पोस्टरवर जागा नाही म्हणून फक्त नायक-नायिकेचे चेहरे येतात. मग तो माणूस म्हणतो शब्द फिरवला, आणि त्याच्या बाजूनं तो बरोबर असतो.

म्हणून एका कागदावर उभे रकाने पाडा. प्रत्येक ठिकाणाचा एक रकाना. ज्याला पोस्टरवर नाव मिळणार नाही, त्याला ते आधीच सांगा.

दुसरी पायरी: क्रमाबरोबर पाटी, आकार आणि वेळही ठरवा

नाव कितवं, हा एक भाग झाला. ते एकटं येतं की चार जणांबरोबर, हा दुसरा. एका वेळी पडद्यावर एकच नाव असेल तर त्या पाटीला सोलो कार्ड म्हणतात, अनेक नावं एकत्र असतील तर ग्रुप कार्ड. सहाव्या क्रमांकाचं सोलो कार्ड हे तिसऱ्या क्रमांकावरच्या पण पाच नावांच्या गर्दीतल्या जागेपेक्षा अनेकांना जास्त आवडतं. हे कलाकाराला विचारता येतं, आणि विचारलं तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

तिसरा भाग अक्षरांचा आकार. हॉलिवूडच्या करारांत कलाकाराच्या नावाचा आकार चित्रपटाच्या शीर्षकाच्या आकाराच्या अमुक टक्के असेल, असं लिहिलेलं असतं. नाव शीर्षकाच्या आधी की नंतर, हेही त्यात असतं. शीर्षकाच्या आधी येणारं नाव म्हणजे त्या नावावर चित्रपट विकला जातो, असा त्याचा अर्थ. आपल्या लघुपटात इतकं मोजायची गरज नाही, पण एक नियम पाळाच: एकाच दर्जाच्या भूमिकांची अक्षरं एकाच आकाराची. आडनाव लांब म्हणून कोणाची अक्षरं बारीक करू नका, नाव दोन ओळींत मोडा.

चौथा भाग वेळ. आपला चित्रपट बहुतेक लोक मोबाइलवर बघणार, तेही एसटीत किंवा शेताच्या बांधावर बसून. मी प्रत्येक कार्ड मोठ्यानं दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवतो. एकदा वाचण्यापुरता वेळ ठेवला तर घरच्यांनी बोट दाखवेपर्यंत नाव निघून जातं.

तिसरी पायरी: क्रम कशावर लावायचा ते एकदाच ठरवा

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. क्रम लावण्याचे प्रचलित आधार चार-पाच आहेत, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

पहिला आधार नावाचं वजन. कोणाच्या नावावर प्रेक्षक येतात? १९७८ सालच्या 'सुपरमॅन'मध्ये मार्लन ब्रँडो आणि जीन हॅकमन यांची नावं ख्रिस्तोफर रीव्हच्या आधी आली. सुपरमॅन झाला होता रीव्ह, पण तो नवखा होता. ब्रँडोची भूमिका लहान होती, नाव मोठं होतं. 'शोले'च्या टायटल्समध्ये धर्मेंद्र, संजीव कुमार, हेमा मालिनी, मग अमिताभ बच्चन आणि जया भादुरी असा क्रम आहे, आणि ज्या गब्बरचे संवाद आजही आपल्या पारावर ऐकू येतात त्या अमजद खानचं नाव 'नवोदित' म्हणून नंतर येतं. त्या वेळच्या बाजारात कोणाचं काय वजन होतं, ते त्या क्रमात गोठून राहिलंय. नामावली चित्रपट बनतानाच्या दिवसांची असते, तो चालल्यानंतरची नसते. नवख्या कलाकारानं हे लक्षात ठेवावं.

दुसरा आधार भूमिकेचं महत्त्व. आपल्या भागातल्या लघुपटांना मी हाच सुचवतो. आपल्याकडे बाजारात वजन असलेली नावं एक-दोनच असतात. बाकी सगळे शिक्षक, शेतकरी, कॉलेजची पोरं, राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर काम केलेले हौशी नट. त्यांच्यात कोण मोठं, हे ठरवायला गेलात तर चित्रपट बाजूला राहील. कथा कोणाच्या खांद्यावर आहे, हे मात्र संहितेत दिसतं. प्रसंग मोजा, संवाद मोजा, आणि कोणाशिवाय गोष्ट उभीच राहत नाही ते बघा. नुसत्या संवादांवर जाऊ नका. आबांना त्या लघुपटात अकरा वाक्यं होती, पण ते दारात बसलेले नसते तर शेवटच्या प्रसंगाला अर्थच उरला नसता.

तिसरा आधार ज्येष्ठता. अहिराणी रंगभूमीवर तीस-चाळीस वर्षं घालवलेला माणूस सेटवर असेल, तर त्याचं नाव कॉलेजच्या पोराखाली छापताना आपलाच हात अडखळतो. अडखळू द्या, ते चांगलं आहे. पण ज्येष्ठांना वर घेण्यासाठी क्रम मोडू नका. त्यांच्यासाठी वेगळी जागा असते, ती पुढच्या पायरीत सांगतो.

चौथा आधार पडद्यावर येण्याचा क्रम: जो आधी दिसतो त्याचं नाव आधी. शेवटच्या मोठ्या यादीसाठी याच्याइतकी न्याय्य पद्धत मला सापडलेली नाही. त्यात कोणाच्या मानपानाचा प्रश्नच येत नाही, आणि यादीच्या वर तसं स्पष्ट लिहिता येतं: 'पडद्यावर येण्याच्या क्रमाने'. ही एक ओळ लिहायला विसरू नका, नाहीतर पहिल्या प्रसंगात पाणी भरणारी बाई पहिली का, हा प्रश्न येतोच.

पाचवा आधार वर्णानुक्रम. सगळ्यांच्या भूमिका सारख्या असतील, म्हणजे सात मित्रांची गोष्ट वगैरे, तर तो सोयीचा. पण वर्णानुक्रम कोणता? देवनागरीतला की इंग्रजीतला? एक यादी देवनागरीत लावून बघा: अहिरराव, कोळी, चौधरी, देवरे, पाटील, बोरसे, भामरे, महाजन, सोनवणे, हिरे. हीच आडनावं इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावली तर भामरे सातव्यावरून दुसऱ्यावर जातात, कोळी दुसऱ्यावरून सातव्यावर, आणि शेवटचे हिरे वर सरकून सहावे होतात. मी दोन्ही प्रकारे लावलेल्या याद्या एकाच चित्रपटाच्या पोस्टरवर आणि टायटल्समध्ये पाहिल्यात. नामावली देवनागरीत असेल तर क्रमही देवनागरीचाच ठेवा. आणि आडनावानं की नावानं, तेही ठरवा. आपल्याकडे दहात चार पाटील निघतात, मग आडनावानं लावून काही साधत नाही. अहिराणी चित्रपटासाठी मी नावाच्या पहिल्या अक्षरानं लावतो.

यांतला एक आधार सुरुवातीच्या टायटल्ससाठी निवडा आणि एक शेवटच्या यादीसाठी. एकाच यादीत दोन आधार मिसळले, म्हणजे पहिले पाच महत्त्वानुसार आणि सहावा 'तो आपला माणूस आहे' म्हणून, तर बाकीच्यांना ते लगेच कळतं.

चौथी पायरी: शेवटची जागा आणि 'आणि'

पहिल्या जागेसाठी दोन दावेदार असले की नवा दिग्दर्शक घाबरतो. त्याला हे माहीत नसतं की यादीला दोन मानाची टोकं असतात. शेवटचं नाव, त्याच्याआधी 'आणि', आणि स्वतंत्र कार्ड: ही जागा पहिल्यापेक्षा कमी मानाची नाही. हिंदी चित्रपटांत प्राण यांचं नाव कितीतरी वेळा असं सगळ्यांत शेवटी, 'आणि प्राण' म्हणून यायचं. त्यांच्या चरित्राचं शीर्षकही त्यावरूनच आलं. परदेशात 'सायको'च्या टायटल्समध्ये जॅनेट लीचं नाव शेवटी, 'आणि'सह आणि भूमिकेच्या नावासह येतं.

ज्येष्ठ कलाकारासाठी हीच जागा. 'आणि' लिहा, नाव लिहा, खाली भूमिकेचं नाव लिहा. जागा एकच असते, ती एकालाच द्या. दोघांना 'आणि' दिलं की दोघांचीही किंमत जाते.

आपल्या मातीत याचं जुनं रूप आहे. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत तंबूंपुढचे तमाशाचे फलक ज्यांनी वाचलेत त्यांना 'सह' हा शब्द माहीत आहे. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' असं मंडळाचं नावच असतं. फड चालवणारे रघुवीर हे मुलगा, २०२१ साली गेलेल्या कांताबाई ही त्यांची आई आणि ज्येष्ठ कलावंत, आणि 'सह' या एका अक्षरजोडीनं दोघांचा मान राहतो. मुंबईच्या वकिलांच्या करारांच्या कितीतरी आधी आपल्या फडांना ही कला येत होती.

याशिवाय काही ठरलेले शब्द आहेत, ते जपून वापरा. 'विशेष भूमिका' म्हणजे प्रसंग थोडे पण कथेत वजन. 'पाहुणा कलाकार' म्हणजे नाव ओळखीचं, काम एक-दोन प्रसंगांचं. 'प्रथम पदार्पण' फक्त खरोखर पहिल्यांदाच पडद्यावर येणाऱ्यासाठी. यूट्यूबवर त्या मुलाचे आधीचे वीस व्हिडिओ असतील आणि तुम्ही 'प्रथम पदार्पण' लिहिलंत, तर प्रेक्षक खाली टिप्पणीत ते दाखवून देतात आणि लाज त्या मुलाला वाटते.

पाचवी पायरी: दोन नावं खरंच बरोबरीची असतील तर

असं क्वचित होतं, पण झालं की चित्रपट अडतो. यावरचा प्रसिद्ध तोडगा १९७४ सालच्या 'द टॉवरिंग इन्फर्नो'चा. पॉल न्यूमन आणि स्टीव्ह मॅक्वीन दोघंही तेव्हा शिखरावर होते, पहिलं नाव दोघांनाही हवं होतं. मग मॅक्वीनचं नाव डावीकडे पण थोडं खाली आणि न्यूमनचं उजवीकडे पण थोडं वर ठेवलं. डावीकडून वाचणाऱ्याला मॅक्वीन पहिला, वरून वाचणाऱ्याला न्यूमन पहिला. आपली लिपीही डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे हा तोडगा देवनागरीत जसाच्या तसा चालतो. मी एका गाण्याच्या व्हिडिओत दोन गायकांसाठी तो वापरलाय. दोघांनी आधी स्क्रीनशॉट मागवून नीट पाहिला आणि मग होकार दिला.

दुसरा मार्ग वाटून घेण्याचा: टायटल्समध्ये एकाचं नाव आधी, पोस्टरवर दुसऱ्याचं. पहिल्या पायरीतले रकाने इथे उपयोगी पडतात.

नायक-नायिकेबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. भूमिका बरोबरीच्या असताना नायकाचं नाव आधी घ्यायचं, याला सवयीशिवाय दुसरं कारण नाही. २०१३च्या 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये शाहरुख खाननं दीपिका पदुकोणचं नाव आपल्या आधी घेतलं. इतक्या मोठ्या नटाचं त्यानं काही कमी झालं नाही. आपल्याकडे तर मुलीला चित्रपटात काम करायला घरून परवानगी मिळवण्यापासून झगडावं लागतं. ती चार गावांच्या तोंडाला सामोरी जाऊन काम करते, आणि टायटल्समध्ये पुन्हा दुसरी, हे मला पटत नाही. फक्त एक गोष्ट तिला आधी एकटीला विचारा: पूर्ण नाव हवं, नुसतं नाव हवं की वेगळं नाव? काहींना आडनाव नको असतं. कारण विचारू नका, ती सांगेल तसंच लिहा.

सहावी पायरी: ज्यांनी अभिनय केला नाही त्यांची नावं

सरपंचांनी वाड्यात चित्रीकरणाला जागा दिली. एका केळी बागायतदारानं पंचवीस हजार दिले आणि एका प्रसंगात ओट्यावर बसून चहा प्यायला. नेत्याच्या कार्यकर्त्यानं पोलिसांची परवानगी काढून दिली. आता प्रत्येकाचा पुतण्या फोन करून विचारतो, "काकांचं नाव वर घ्याल ना?"

ही नावं कलाकारांच्या यादीत घेऊ नका. त्यांच्यासाठी ऋणनिर्देशाचं कार्ड ठेवा, हवं तर चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला, भरपूर वेळाचं, चांगल्या अक्षरांचं. पैसे देणारा 'प्रस्तुतकर्ता' किंवा 'सहनिर्माता' म्हणून येऊ शकतो, तो मान खरा आहे. पण ओट्यावर चहा प्यायल्याबद्दल त्याला चार दिवस उन्हात राबलेल्या माणसाच्या वर बसवलं, तर पुढच्या वेळी तो राबणारा माणूस येत नाही. हे मी दोनदा पाहिलंय.

सातवी पायरी: लिहून घ्या

अमेरिकेत कलाकारांच्या संघटनेच्या करारात किमान नियम आहेत. पन्नासपर्यंत कलाकार असतील तर शेवटच्या यादीत सगळ्यांची नावं आलीच पाहिजेत, त्याहून जास्त असतील तर किमान पन्नास. वरचा क्रम, कार्ड, आकार हे ज्याच्या त्याच्या करारात ठरतं. आपल्याकडे क्रम ठरवून देणारा असा नियम नाही. दोन माणसांनी कागदावर जे लिहिलं तोच नियम. म्हणून कागद हवा.

एका कलाकारासाठी एवढा मजकूर पुरतो, उतरवून घ्या:

'कलाकाराचे नाव चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत ... क्रमांकावर, स्वतंत्र / सामाईक कार्डवर, खाली सही करून दिलेल्या लेखनाप्रमाणे येईल. शेवटच्या यादीत भूमिकेच्या नावासह येईल. पोस्टर व ट्रेलरमध्ये येईल / येणार नाही. यूट्यूब वा इतर ठिकाणच्या लेखी माहितीत याच क्रमाने येईल. संकलनात भूमिका कमी झाली तरी शेवटच्या यादीतील नाव काढले जाणार नाही. अनवधानाने चूक झाल्यास निर्माता ती कळल्यापासून सात दिवसांत जिथे दुरुस्त करता येईल तिथे स्वखर्चाने दुरुस्त करेल.'

शेवटून दुसरं वाक्य फार महत्त्वाचं. लांबी कमी करताना लहान भूमिका आधी उडतात. ज्याचे तिन्ही प्रसंग कापले गेले, त्यानं तिन्ही दिवस काम केलेलं असतं.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असू द्या. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन कलम ३८-बी आलं. आपल्या सादरीकरणाचा सादरकर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क त्यात कलाकाराला मिळाला. वापराच्या पद्धतीमुळेच नाव घेता येत नसेल तर तेवढा अपवाद. पण त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे, ती नवख्यांनी दोनदा वाचावी. चित्रपटातलं ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव नामावलीत कुठेच येत नाही, तो माणूस कायद्याच्या व्याख्येत 'सादरकर्ता' धरलाच जात नाही. आपल्या कामाची विटंबना झाली तर हरकत घेण्याचा हक्क तेवढा त्याला राहतो. मला यातून एवढं कळतं, की नामावलीतलं नाव ही केवळ मानाची बाब नाही. नामावली करणाऱ्यानं, गर्दीतल्या माणसाचं नाव घ्यायला जागा असेल तर घ्यावं. शेवटच्या यादीत आणखी चाळीस नावं आली तर वीस-पंचवीस सेकंद वाढतात.

आठवी पायरी: नावांचा तक्ता, सहीसह

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी सकाळी पोह्यांच्या वेळी एक तक्ता फिरवा. नाव जसं पडद्यावर हवं तसं, स्वतःच्या अक्षरात, देवनागरीत. शेजारी भूमिकेचं नाव, फोन नंबर आणि सही. व्हॉट्सअॅपवरचं नाव घेऊ नका, आधार कार्डावरचंही नाही. कोणी 'सोनवणे' लिहितो, कोणी 'सोनावणे'. कोणाला वडिलांचं नाव मध्ये हवं असतं, कोणाला गावाचं 'कर' लावायचं असतं, तर कोणाला गावात सगळे 'जिभाऊ' म्हणतात आणि तेच हवं असतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तुम्ही लिहा आणि मोठ्यानं वाचून दाखवा.

मग हा तक्ता संगणकावर उतरवताना दुसरा धोका. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलला की रफार आणि जोडाक्षरं मोडतात. संकलनाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट बसत नाही, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. प्रीमियर किंवा आफ्टर इफेक्ट्स वापरत असाल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय असेल तर तो निवडा, अर्ध्याहून जास्त चुका तिथेच थांबतात. उरलेल्या पकडायला डोळेच लागतात. टायटल्स तयार झाली की प्रत्येक कार्डाचा फोटो त्या त्या कलाकाराला पाठवा आणि 'बरोबर आहे' असं उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. दिग्दर्शकाच्या घाईला बळी पडू नका, एक दिवस थांबलं तर काही बिघडत नाही.

इंग्रजीत टायटल्स करायची हौस अनेकांना असते. करा, पण देवनागरीही द्या. जून २०१९मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानंही भारतीय भाषांतल्या चित्रपटांची नामावली त्या त्या भाषेतही असावी, अशी भूमिका घेतली होती. ज्यांच्यासाठी अहिराणीत चित्रपट करतो, त्यांना आपल्या माणसाचं नाव वाचता यायलाच हवं.

नववी पायरी: कुलूप लावण्याआधी

चित्रपटगृहात लावणार असाल तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राआधी नामावली पक्की करा. प्रमाणपत्र मिळाल्यावर चित्रपटात केलेला बदल मंडळाला कळवून त्याची नोंद करून घ्यावी लागते. एका वेलांटीसाठी ती धावपळ नको.

यूट्यूबचं तर त्याहून अवघड आहे, आणि बहुतेकांना ते व्हिडिओ टाकल्यावर कळतं. एकदा टाकलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर नवी फाइल ठेवता येत नाही. तुकडा कापता येतो, काही भाग धूसर करता येतो, पण चुकलेलं नाव सुधारता येत नाही. सुधारायचं तर व्हिडिओ काढून नव्यानं टाकायचा, म्हणजे आलेले सगळे प्रेक्षक आणि टिप्पण्या सोडायच्या. म्हणून आधी 'असूचीबद्ध' (अनलिस्टेड) ठेवून टाका, दुवा फक्त कलाकारांना पाठवा, दोन दिवस थांबा, मग सार्वजनिक करा.

तरीही चूक राहिलीच, तर तीन गोष्टी त्याच दिवशी करा. व्हिडिओखालच्या माहितीत सगळ्यात वर दुरुस्त नाव भूमिकेसह लिहा. तीच दुरुस्ती पहिल्या टिप्पणीत लिहून ती वर टाचून ठेवा. आणि त्या माणसाच्या घरी जा. फोन नको.

आबांकडे मी असाच गेलो होतो, पण उशिरा, पहिल्या खेळानंतर चार दिवसांनी. त्यांनी शेवभाजी खाऊ घातली आणि विषय काढू दिला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या लघुपटासाठी नावांचा तक्ता घेऊन पुन्हा गेलो. त्यात त्यांचं नाव शेवटी होतं, 'आणि'सह, स्वतंत्र कार्डावर. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, वेलांटी तपासली, सही केली. मग पेन परत न देता खाली ऋणनिर्देशाच्या रकान्यात एक नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं. आजींचं. मागच्या वेळी चारही दिवस युनिटची भरीत-भाकरी त्यांनी केली होती, आणि ते नाव माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.